बुरुजाचा फोटो

“नारळ मी उचलणार,” तालमीच्या पायरीवर चप्पल काढता काढताच रंगाण्णा खराडे म्हणाले. “आत्ताच सांगून ठेवतो. मागनं म्हणू नका, म्हाताऱ्यानं ऐन वेळी घोळ घातला.”

“आण्णा, आधी आत तरी या,” अध्यक्ष संपतराव निकम म्हणाले. “चहा घ्या. माणूस जाऊन धड पंधरा दिवस झालं न्हाईत.”

“ठाऊक हाय. तेराव्याला जेवून आलोय मी,” रंगाण्णा म्हणाले, आणि मारुतीला हात जोडून थेट पुढच्या सतरंजीवर जाऊन बसले.

आमच्या पेठेत वैर वेगळं आणि पंगत वेगळी. त्यामुळं कुणी हसलं नाही. मी खांबाला पाठ टेकून बसलो होतो. रंगाण्णांचं ते पहिलं वाक्य ऐकलं आणि हातातल्या चहावर साय धरली तरी तो प्यायचं सुचलं नाही. नऊ वर्षं झाली या गोष्टीला, पण त्या सायीचा रंगसुद्धा मला आठवतो.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे थोडं उलगडून सांगावं लागतं. आमच्याकडं तालीम म्हणजे नुसता लाल मातीचा आखाडा नव्हे. पेठेपेठेच्या तालमींच्या फुटबॉल टीम असतात, आणि त्या टीमवरून सख्खे भाऊ वर्ष वर्ष एकमेकांशी बोलत नाहीत. आमची चिंचेची तालीम. चिंच कधीच पडली, नाव राहिलं. चार गल्ल्या ओलांडल्या की हौदाची तालीम. सायकलवर तीन मिनिटांचं अंतर, पण आमच्या लेखी तो परमुलूख.

तालमीतल्या मारुतीच्या डाव्या हाताला एक भिंत आहे. आमच्या गेलेल्या खेळाडूंचे फोटो तिथं लागतात. शंभर वर्षांत अकरा लागले होते, कारण रिवाज कडक आहे. मारुतीपुढं पाटावर नारळ ठेवायचा, अध्यक्षांनी नाव घ्यायचं, ज्याला बोलायचं त्यानं बोलायचं. एकमत झालं तर नारळ फोडायचा आणि फोटो लावायचा. एखाद्याची हरकत असली तर त्यानं उठून नारळ उचलायचा. तो नारळ घेऊन उंबऱ्याबाहेर गेला की विषय मिटला. त्या माणसाचं नाव भिंतीसाठी पुन्हा कधी घ्यायचं नाही. एकट्याची हरकतसुद्धा पुरते.

त्या रविवारी नाव होतं महिपती सरनाईक याचं.

महिपती, म्हणजे आमचा म्हैपा, सात वर्षं आमचा स्टॉपर होता. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढचा शेवटचा गडी. सहा फूट उंची, रुंद छाती, आणि अंगावर येणाऱ्या माणसाकडं न बघता फक्त बॉलकडं बघायची सवय. पब्लिक त्याला बुरूज म्हणायचं. त्याच्यामागं चार वर्षं गोलात मी उभा राहिलो. मी दिनकर इंगवले. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, पण मैदानावर सगळे एकमेकांना अरेतुरेच करायचे. खेळताना त्याचं तोंड सतत चालू असे, तेही मागं न बघता. “दिन्या, डावीकडं सरक. दिन्या, लाइन सोडू नको. दिन्या, सकाळी काय खाल्लास लेका, पेंगतोस व्हय?” मला फुटबॉल कुणी शिकवला असं विचाराल तर मी म्हणेन, त्या पाठीनं शिकवला. बॉल कुठून येणार हे त्या पाठीच्या वळण्यावरून मला आधी कळायचं. असे दिवस माणसाला पुन्हा मिळत नाहीत.

आणि मग चौऱ्याऐंशी सालची फायनल आली. आम्ही आणि हौदाची तालीम. स्टेडियम इतकं भरलेलं की भिंतीवर, झाडांवर माणसं. शेवटची तीन मिनिटं उरलेली, गोल शून्य-शून्य. त्यांच्या हाफातून एक लांब बॉल आला. म्हैपा आणि त्यांचा अकरा नंबर दोघेही आमच्या गोलाकडं पळत निघाले. म्हैपा दोन पावलं पुढं होता. बॉल त्याच्या पायात होता म्हटलं तरी चालेल. एक लाथ घातली असती तर बॉल गॅलरीत गेला असता. त्यानं पाय उचलला, आणि बॉल तसाच सोडून तो बाजूला झाला. अकरा नंबरनं बॉल ढकलला. गोल.

हे वीस हजार लोकांनी पाहिलं. त्यावर दोन महिन्यांनी म्हैपा हौदाच्या तालमीत गेला, त्यांचा शर्ट घालून सहा वर्षं खेळला, आणि पेठेनं निकाल लावून टाकला. याचं आधीच ठरलं होतं, हा म्हणे त्यांचाच झाला होता. रंगाण्णा टेलर. आमच्या टीमचे शर्ट तेच शिवायचे, आणि मॅचला हलगीही तेच वाजवायचे. त्यांनी त्या साली शपथ घेतली की चार नंबरचा शर्ट पुन्हा शिवणार नाही. नंतर दुकान त्यांच्या पोरानं चालवलं तरी आमच्या टीमला चार नंबर नाही तो नाहीच. नव्या पोरांना वाटतं, कुणा मोठ्या खेळाडूच्या सन्मानासाठी तो नंबर बाजूला ठेवलाय. जाऊ दे.

म्हैपा गेला त्याच्या पाचव्या दिवशी शालनवहिनीनं मला घरी बोलावलं होतं. म्हैपाची बायको. ती सरळ मुद्द्यावर आली.

“भावजी, यांचा फोटो तालमीत लागला पायजे.”

“वहिनी, रंगाण्णा—”

“रंगाण्णा काय करतील ते मला ठाऊक हाय. यांची काही इच्छा न्हवती. माझी हाय. आमची सुषमा आता लेकराबाळांसकट हितंच ऱ्हायला आलीया. परवा दुधाच्या केंद्रावर कुणीतरी म्हणालं, ही बॉल सोडणाऱ्याची पोरगी. एकतीस वर्षं झाली, अजून बॉल सोडणाराच? त्या भितीवर फोटो लागला की तोंडं गप होतील. तुम्ही बगा कायतरी.”

“बघतो,” मी म्हणालो.

तेवढं बोलून मी तिथून उठलो, आणि दहा दिवस मला नीट झोप लागली नाही. वहिनीला वाटलं मी दुःखात आहे. तेही खोटं नव्हतं.

त्या रविवारी वहिनी आली होती. तालमीत बायका येत नाहीत, म्हणून दाराबाहेर पायरीच्या कडेला बसली होती, पिशवीत कागदात गुंडाळलेला फोटो घेऊन. आतलं सगळं तिला ऐकू जात होतं. संपतरावांनी नारळ ठेवला, नाव घेतलं आणि म्हणाले, “बोला.”

पहिला उठला यासीन बागवान. मंडईत केळीचं दुकान, आणि डोक्यात आमच्या टीमची प्रत्येक मॅच.

“ऐंशी सालची सेमीफायनल आठवा,” यासीन म्हणाला. “दुसऱ्या हाफात एकट्या म्हैपानं पाच हेड मारले. पाचच्या पाच गोलातनं बाहेर काढलेले.”

“चार,” रंगाण्णा बसल्या जागेवरून म्हणाले.

“पाच, आण्णा. मी घरची केळी घेऊन बसलो हुतो. दर हेडला एक केळं खाल्लं. मॅच संपली तवा पायाजवळ पाच सालं हुती.”

“मग एक केळं तू हेडाशिवाय खाल्लं असशील. तुझा काय भरवसा?”

लोक हसले. मलाही हसू आलं, आणि वाटलं, रंगाण्णा विनोद करतायत म्हणजे मूड बरा आहे. मग जो तो बोलायला लागला. कुणाला सांगलीची मॅच आठवली, म्हैपा डोक्याला टाके घालून परत मैदानात उतरला होता ती. कुणी म्हणालं ते सांगलीत नव्हे, मिरजेत. त्यावर दहा मिनिटं वाद. कुणाला त्याची स्लाइड आठवली, कुणाला त्याची शिवी. एक नंबरची भांडकुदळ आमची पेठ आठवणींनी अशी मवाळ झालेली बघून मला बरं वाटत होतं. यासीननं तर उभं राहून म्हैपा कॉर्नरला कसा उडी घ्यायचा ते करून दाखवलं आणि गुडघा धरून खाली बसला. वयं झाली होती सगळ्यांची. पण तेवढा वेळ त्या सतरंजीवर आम्ही सगळे पंचवीस वर्षांचे होतो.

“झालं?” रंगाण्णा म्हणाले. “मेल्या म्हशीला मणभर दूध.”

सगळ्यांचे डोळे दाराकडं गेले. पायरीवर वहिनीचा पदर दिसत होता, तो हलला नाही.

“आण्णा, बाहेर त्यांची—” संपतराव हळू आवाजात म्हणाले.

“ठाऊक हाय. मी मागनं बोलणारा माणूस न्हवं. म्हैपा जित्ता हुता तवा त्याच्या तोंडावर बोललोय, आता बी बोलतो. खेळाडू थोर हुता. त्याच्यासारखा स्टॉपर ह्या पेठेत झाला न्हाई. पण ही भित खेळाची न्हाई. ही भित तालमीची हाय. ज्यानं भरल्या फायनलला बॉल सोडला आणि दोन म्हयन्यांत पलीकडच्या पेठेचा शर्ट घातला, त्याचा फोटो ह्या अकरा जणांच्या शेजारी? कशापायी?”

“का गेला ते बी बघा की,” यासीन म्हणाला. “न जाऊन करतो काय? हितं त्याला रोज शिव्या. प्रॅक्टिसला आला की पोरं हुर्यो करायची. किराणा दुकानदार सामान द्यायचा न्हाई. आणि एक सांगा. सहा वर्षं हौदाकडनं खेळला. आपल्याविरुद्ध एक तरी मॅच खेळला?”

“पाय मुरगळायचा म्हणे.”

“सहा वर्षं? दर येळी आपल्याच मॅचला? आदल्या दिवशी धडधाकट, दुसऱ्या दिवशी लंगडा? आण्णा, आपल्यावर पाय उचलायचा न्हवता त्याला. एवढं बी कळंना व्हय तुम्हाला?”

“भ्याला असंल. पब्लिकनं सोडला नसता त्याला.”

“बुरूज आणि भ्याला?”

रंगाण्णांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली. मला वाटलं, आता वितळतील. मनातल्या मनात मी मारुतीला म्हणत होतो, बाबा रे, यासीनच्या केळ्यांवरच भागू दे. माझ्यावर पाळी आणू नको. एवढा मी शूर.

पण रंगाण्णा उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. मारुतीपुढं गेले आणि त्यांनी नारळ उचलला.

“कुणाचं काय म्हणणं असंल तर उंबरा ओलांडायच्या आत बोला,” संपतराव म्हणाले. तसं म्हणायचा रिवाज आहे.

यासीननं मान खाली घातली. त्याचं बोलून झालं होतं. रंगाण्णा दाराकडं निघाले. खांब दाराजवळच होता. ते माझ्यापासून दोन हातांवर आले, उंबरा आणखी तीन पावलांवर, आणि त्यापलीकडं वहिनीची पाठ. ती उठून उभी राहत होती. पिशवी उचलत होती.

“आण्णा, थांबा,” मी म्हणालो.

ते थांबले.

“त्यो बॉल म्हैपानं आपल्या मनानं सोडला न्हाई. मी सोडायला लावला.”

“काय?”

“आपल्या टीमचा कायदा ठाऊक हाय तुम्हाला. गोलकीपरला सगळं मैदान दिसतं. त्यानं ‘सोड’ अशी हाक दिली की बॅकनं बॉल सोडायचा. पायात असला तरी सोडायचा, मागं बघत बसायचं न्हाई. मी हाक मारली, आण्णा. बॉल माझा हुता. म्हैपानं कायद्यापरमाणं पाय उचलला, वाट दिली. आणि मी पुढं आलोच न्हाई.”

मी थांबलो असतो तर परत तोंड उघडलं नसतं, म्हणून बोलत राहिलो.

“त्या अकरा नंबरनं लीगच्या मॅचला माझं दोन दात पाडलं हुतं. दोन पावलं टाकली, आणि त्याचा बूट दिसला. पाय जागचं हलंनात. पब्लिकच्या दंग्यात माझी हाक कुणाला ऐकू गेली न्हाई. एकट्या म्हैपाला गेली. मॅच संपल्यावर खेळाडूंच्या तंबूत तुम्ही त्याच्या कानफटात मारली. मी तिथंच हुतो. बुटाची लेस सोडवत बसलो हुतो. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली.”

“आणि तू गप?”

“मी गप. सगळी गेल्यावर नळावर पाय धुताना मी त्याला म्हणालो, मी सांगतो सगळ्यांना. तर म्हणाला, ‘येड्यासारखं करू नको. राज्याच्या शिबिराचं तुझं पत्र यायचंय. आज हे भाईर फुटलं तर पत्र येत न्हाई. माझं वय झालं, मला आता कोण बोलावतंय?’ आण्णा, पत्र आलं. त्या खेळावर मला सरकारी नोकरी लागली. मुंबईला, नागपूरला खेळून आलो. पेठेनं माझी मिरवणूक काढली, तुम्हीच हलगी वाजवलीत. तवर म्हैपा हौदाच्या तालमीत गेला हुता.”

एवढं बोलून मी खांब धरला. आता शिव्या येतील, कदाचित हातही उठेल, याची तयारी होती. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं.

रंगाण्णा माझ्याकडं बघून हळूहळू मान हलवायला लागले.

“हे तू बोलणार, हे मला ठाऊक हुतं.”

“काय?”

“म्हयन्यापूर्वी गेल्तो मी दवाखान्यात. म्हटलं, मरायच्या आधी एकदा तोंडानं सांग, का सोडलास. तर म्हणाला, ‘अंदाज चुकला आण्णा, दुसरं काय न्हाई.’ आणि मग माझा हात धरला. म्हणाला, ‘मी गेल्यावर दिन्या एखाद्या दिवशी तालमीत उभा ऱ्हाईल. म्हणंल, हाक मी मारली हुती. त्याचं मानू नका. त्यानं हाकबिक काय मारली न्हवती. मन हळवं हाय त्याचं, उगाच माझ्यापायी वाईटपणा घेईल.’ मी म्हटलं, गोळ्यांच्या गुंगीत बडबडतोय.” रंगाण्णा सगळ्यांकडं वळले. “ऐकलं न्हवं? दोस्तासाठी पोरगं खोटं बोलतंय. म्हैपानं आधीच सांगून ठेवलंय. बस खाली दिन्या. मोठ्या मनाचा हायस, पण बस.”

लोक माझ्याकडं कौतुकानं बघत होते. संपतरावांच्या डोळ्यांत पाणी होतं. यासीन माझ्या खांद्यावर थोपटायला लागला. एकतीस वर्षांनी हिय्या करून मी पुढं आलो होतो, आणि म्हैपा माझ्याआधी तिथं येऊन उभा राहिला होता. मेल्यावरसुद्धा त्यानं फट म्हणून ठेवली नव्हती.

“आण्णा, मी खरं सांगतोय!” मी ओरडलो. “मारुतीची शपथ!”

“असू दे, असू दे,” रंगाण्णा म्हणाले आणि वळले. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. आणि उंबऱ्याच्या अलीकडं उभेच राहिले.

त्यांची पाठ आमच्याकडं होती. नारळ दोन्ही हातांत धरलेला.

“दिन्या,” ते वळून न बघता म्हणाले. “तू हाक मारलीच न्हवतीस, तर तू हे असं बोलशील, हे त्याला कळलं कसं?”

मी खांब सोडून एक पाऊल पुढं आलो.

“काय घडलंच न्हाई, तर नेमकं हाकेचंच त्याच्या मनात कुठनं आलं?” ते माझ्याकडं वळले. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. “आं? मरायला टेकलेला माणूस न झालेल्या हाकेची काळजी कशाला करंल?”

“झालेली हुती म्हणून,” यासीन हळूच म्हणाला.

“अरं देवा,” रंगाण्णा म्हणाले. “ह्या हातानं मारली मी त्याला.”

ते तिथंच खाली बसले, नारळ मांडीवर घेऊन. शहात्तर वर्षांचा माणूस, आयुष्यात कुणापुढं नमला नव्हता. संपतराव पाणी घेऊन आले, ते त्यांनी बाजूला सारलं.

“तू तवा भ्यालास?” त्यांनी मला विचारलं. “का मागनं?”

“दोन्ही येळंला, आण्णा.”

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मग माझ्याच हाताचा आधार घेऊन ते उठले, मारुतीपुढं परत गेले आणि देवापुढच्या दगडावर त्यांनी स्वतःच्या हातानं नारळ फोडला. एका घावात. “फोटो आणा,” म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, म्हणजे कुणाला त्यांचा चेहरा दिसू नये.

फोटो आत नेण्यासाठी मी दाराबाहेर आलो. वहिनीनं कागद काढून फोटो माझ्या हातात न देता यासीनच्या हातात दिला. यासीन आत गेला. आम्ही दोघंच पायरीवर राहिलो. मी तिच्या चपलांकडं बघत उभा होतो.

“मला ठाऊक न्हवतं,” ती म्हणाली.

“वहिनी—”

“मला बी सांगितलं न्हाई त्यांनी. लग्न होऊन तीन वर्षं झाली हुती. घर बदलायला लागलं, माझा बाप जावयाला घरात घेईना. मी रोज विचारायची, का सोडला बॉल? अंदाज चुकला म्हणायचे. मी म्हणायची, एवढं बी जमलं न्हाई तुम्हाला? चिडली की तेच काढायची. एकतीस वर्षं. दवाखान्यात सुदिक काढलं एकदा.” तिचा आवाज चढला नव्हता. “आणि तुम्ही दर दिवाळीला फराळाला यायचा, भावजी. त्यांच्या शेजारी बसून चिवडा खायचा. मी तुम्हाला म्हणायची, बगा तुमचा दोस्त. तुम्ही हसायचा.”

“चुकलो, वहिनी.”

“पेठेला नसतं सांगितलं तरी चाललं असतं. मला सांगायचं एकदा.”

आत खिळा ठोकल्याचा आवाज येत होता. वहिनीनं पिशवीची घडी घातली, कनवटीला लावली, चपला पायात सरकवल्या. चार पावलं चालून गेली. मग थांबली आणि परत आली.

“कशी मारली हुती हाक?”

“आं?”

“मारून दाखवा. मला ऐकायची हाय.”

“वहिनी, इथं रस्त्यात…”

“हितंच.”

रविवारची सकाळ होती. समोरच्या सलूनमध्ये दाढीला गर्दी होती. पलीकडच्या कट्ट्यावर माणसं पेपर वाचत बसली होती. सेवानिवृत्तीला आलेला, पोट सुटलेला, कमरेचा पट्टा बांधणारा माणूस मी. मी पाय फाकवून उभा राहिलो. गुडघे थोडे वाकवले, कारण तसं उभं राहिल्याशिवाय ती हाक येत नाही. समोरची गल्ली दिसेनाशी झाली. म्हैपा दिसला, आमच्या गोलाकडं पळत येणारा, घामानं भिजलेला. पोटातून श्वास घेतला आणि एकतीस वर्षं गिळून ठेवलेली ती हाक मी मारली.

“सोड!”

सलूनमधला वस्तरा थांबला. कट्ट्यावरची माणसं उठून उभी राहिली. तालमीतली सगळी दारात गोळा झाली, रंगाण्णांसकट. कुठंतरी एक कुत्रं भुंकायला लागलं.

वहिनी माझ्याकडं बघत उभी होती. तिचे डोळे भरले होते, पण रडत नव्हती.

“एवढ्या मोठ्यानं?”

“व्हय, वहिनी.”

“मग ते सोडणारच की,” ती म्हणाली, आणि घराकडं चालायला लागली.